मगदूमअण्णांची निपाणी

मगदूमअण्णा फोनवर बोलायला लागले की परका माणूस घाबरायचा. "गगनबावडा पडलाय! राधानगरी चालू हाय, पण काय सांगता येत न्हाय!" एकदा समोर बसलेले एका दूध संस्थेचे सचिव ताडकन उभे राहिले. "अवो, गगनबावड्याला माझी बहीण दिलीया! काय झालं तिथं?"

तिथं काहीच झालं नव्हतं. दोन हजार सात-आठचा सुमार. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात दूध संस्थांचे हिशेब चालायचे; त्यासाठी लिनक्सवर चालणारा एकच मोठा सर्व्हर होता. अण्णा त्याच्या पोटात सात-आठ वेगळे कॉम्प्युटर चालवायचे; हाताला न लागणारे, पण कामाला खरे. व्हर्च्युअल मशीन म्हणायचे त्यांना. "एका घरात आठ बिऱ्हाडं," अण्णा समजावायचे. "चूल ज्याची त्याची. एकाची विझली म्हणून दुसऱ्यानं कशाला उपाशी ऱ्हायचं?" प्रत्येक बिऱ्हाडाला गावाचं नाव होतं. सारखं बंद पडायचं ते गगनबावडा. मग त्याची मनधरणी चालायची, "उठा पावणं, लोकांची दुधाची बिलं खोळंबल्यात."

माणूस गडहिंग्लजकडचा. कपाळाला विभूती, आवाज मळ्यातून हाक मारल्यासारखा. चाळिशी उलटली तरी लग्न नाही. विचारलं की म्हणायचे, "सर्व्हर सोडून पोरगी बघाय कोण जातंय?"

या गावांत एक निपाणी होती. तिच्यावर कुठल्याच संस्थेचं काम नव्हतं.

"ही काय करते हो?" मी विचारलं.

"काय न्हाय. ऱ्हातीया."

पुढं सर्व्हरची मेमरी पुरेना. साहेब म्हणाले, निपाणी काढा. अण्णांनी तिच्याऐवजी आपला कळंबा काढला. त्याच्यावर ते स्वतः नवंनवं शिकायचे. "निपाणीला हात लावायचा न्हाय," एवढंच म्हणाले, आणि तेही अगदी हळू आवाजात.

मग एका दुपारी सुनंदा आली. मी यायच्या आधी ती इथं नोकरीला होती. लिनक्स ती आणि अण्णा एकाच पुस्तकावरून शिकलेले. पहिलं व्हर्च्युअल मशीन तिनं उभं केलं आणि त्याला आपल्या गावाचं नाव दिलं. मग लग्न होऊन बंगळूरला गेली. आता नात्यातल्या लग्नाला आली होती, कडेवर लेक.

आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. ती म्हणाली, "काय मगदूम, माझी निपाणी हाय का अजून?"

अण्णांनी रुमालानं खुर्ची पुसून दिली. तिनं जुना पासवर्ड टाकला. उघडलं. अर्धवट सोडलेलं काम जसंच्या तसं.

"अय्या! मला वाटलं, कधीच काढलं असंल," ती हसली. "कशाला जागा अडवून ठेवलीया? टाका की आता काढून."

"व्हय," अण्णा म्हणाले. "काढतो की."

तिला रिक्षापर्यंत सोडून आले. खुर्चीत बसले, मशीन काढायची आज्ञा टाईप केली आणि थांबले.

"देसाई, एवढं बटण तुमी दाबा. माझ्या हातावर चहा सांडलाय."

चहाचा कप टेबलावर भरलेला होता, वर साय धरलेली. हात कोरडे होते.

मी दाबलं. अण्णा खिडकीशी जाऊन रस्त्याकडं बघत उभे होते.

"गेली?" त्यांनी न वळता विचारलं.

"गेली, अण्णा."