टोकेराव नवा डबा घेणार नाहीत

एका जंगलात, मुलांनो, टोकेराव नावाचे एक साळिंदर राहत होते. त्या जंगलात ओढा होता, वाघ होता आणि नेटवर्कही चांगले होते. त्यामुळे शिकारीची वेळ सोडली तर सगळे प्राणी व्हिडिओ गेम खेळत बसलेले असत.

गेम ज्यांवर चालायचे ते डबे मोराची कंपनी काढायची. नवा डबा आला की मोर पिसारा फुलवून ट्रेलर दाखवायचा. ट्रेलरमध्ये समुद्र असायचा. डबा घरी आणून लावला की नुसती वाळू दिसायची आणि पाणी पुढच्या अपडेटमध्ये येईल, असा निरोप यायचा. टोकेराव असे अनेकदा फसले होते. आता कोणी नव्या डब्याचे नाव काढले तरी त्यांचे काटे उभे राहत.

त्यांचे सगळे सुख जुन्या डब्यावरच्या एका जुन्या गेममध्ये होते. रोज संध्याकाळी धिमाप्पा कासव यायचे आणि दोघे शेजारी बसून 'काळा किल्ला' लढायचे. किल्ला कधीच सर झाला नाही. धिमाप्पांनी बटण दाबेपर्यंत शत्रू जेवून परत यायचा. पण त्या संध्याकाळींवर टोकेरावांचा फार जीव होता.

एकदा मोराने पुन्हा दवंडी पिटली. नवा घ्यायचा का, असे धिमाप्पांनी भीत भीत विचारले, तर टोकेरावांनी त्यांनाच झापले. नुसता ट्रेलर बघून डब्याची आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना अक्कल नसते, असे ते जंगलभर सांगत फिरले.

मग ते नव्या डब्याच्या समारंभाला गेले. फक्त चुका काढायला. चुका नीट दिसाव्यात म्हणून पहिल्या रांगेत बसले.

टोकेरावसुद्धा आले आहेत म्हणजे माल चांगला असणार, असे सशांनी ठरवले. नोंदणीची रांग ओढ्यापर्यंत गेली.

पडद्यावर समुद्र आला. टोकेराव हसले. तेवढ्यात काळा किल्ला दिसला. भाग दुसरा. किल्ल्याचा दरवाजा हळूहळू उघडत होता. इतकी वर्षे बाहेरूनच पाहिलेला तो दरवाजा उघडताना पाहून टोकेरावांचे डोळे भरून आले. जुना डबा दिला की नवा मिळत होता. त्यांनी दिला.

संध्याकाळी धिमाप्पा आले. टोकेरावांनी मान खाली घालून सांगितले की नवा किल्ला एकट्यानेच लढायचा आहे. दोघांची सोय पुढच्या डब्यात येणार आहे. सांगताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

धिमाप्पा नेहमीच्या जागी बसले. पडद्यावर डाउनलोडची पट्टी सरकत होती, साधारण त्यांच्याच चालीने.

"हे बरं आहे," ते म्हणाले. "दोघांना बघता येतं."

"पुढच्या वेळी मी जाणारच नाही, धिमाप्पा."

"नका जाऊ. पण जागा कुठली धरू?"

टोकेराव जरा घुटमळले. "पहिल्या रांगेतलीच धरा."

तात्पर्य: अनुभवातून आलेले शहाणपण फार मोलाचे असते. मात्र ते जुन्या डब्यावरच चालते.