वास आला की हात वर

बढाई मारत नाही, पण आठवीला पदार्थाचे कण माझ्यासारखे शिकवणारा माणूस आमच्या शाळेत झाला नाही! बावीस वर्षं मी तेच सांगतोय. घन पदार्थात कण एकमेकांना चिकटून असतात, द्रवात जरा सैल होतात आणि वायूत मोकाट सुटतात. आता पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती. स्वतंत्र खोली, वर पंखा, दाराला कडी आणि वह्यांचे गठ्ठे कायमचे बंद! शर्यतीत मी आणि चित्रकलेचे सर, असे दोघंच. शुक्रवारी तपासणीला साहेब येणार आणि ज्याचा तास त्यांना आवडेल त्याचं नाव वर जाणार, असं आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी सांगून टाकलं.

मी म्हटलं, झालं! खुर्ची आपलीच.

बेत साधा होता. टेबलावर सेंटची बाटली उघडून कापसाच्या बोळ्यावर ओतायची. सेंटचे कण हवेतून पसरत पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जाणार. ज्याला वास येईल त्यानं हात वर करायचा. कण दिसत नाहीत, पण हात तर दिसतात! सेंट बायकोचं. निळ्या काचेची बाटली, तिच्या भावानं परदेशातून आणलेली. ती ते थेंबाथेंबानं वापरायची. मागून मिळालं नसतं, म्हणून मी मागितलंच नाही.

सोमवारी तालीम घेतली. खिडकीतून वारा आला आणि वास आधी शेवटच्या रांगेला, मग पहिलीला! मधल्यांनी एकमेकांकडे बघून हात वर केले. एकाला पाणी प्यायला जायचं होतं, त्याचाही हात वर! माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीला कण अजिबात जुमानत नव्हते.

मग मी कणांच्या नादाला लागणं सोडलं.

"हे बघा," मी मुलांना म्हटलं, "बाटली उघडली की मनात आकडे मोजायचे. पहिल्या रांगेनं पाच, दुसरीनं दहा, तिसरीनं पंधरा, चौथीनं वीस. आकडा झाला की हात वर!"

"आणि वास नाही आला तर, सर?" चौथ्या रांगेतल्या चष्मेवालीनं विचारलं.

"येतोच! तू मोज."

घरी आल्यावर बघतो तर बाटली निम्मी. नळाचं पाणी घालून पातळी जागेवर आणली आणि बाटली कपाटात ठेवून दिली. उरलेले कण तेवढेच राहिले, फक्त त्यांच्यातलं अंतर वाढलं. शास्त्रीयदृष्ट्या मी काहीही वावगं केलं नव्हतं!

बुधवारी सकाळी वह्या तपासत बसलो होतो. बायकोनं मनगट माझ्या नाकाशी धरलं.

"वास येतोय का हो?"

"मस्त!" मी मान वर न करता म्हटलं. गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारी पुन्हा तेच. मी प्रत्येक वेळी "मस्त" म्हणून लाल पेन चालवत राहिलो.

इकडे बुधवार-गुरुवारच्या तालमी अशा रंगल्या की काय सांगू! रांगेमागून रांग, एकही हात मागेपुढे नाही. मला स्वतःला वास येत नव्हता, पण म्हटलं, नाक सरावलं असेल.

शुक्रवारी साहेब शेवटच्या बाकावर, बाईंच्या शेजारी बसले. मी कापसाच्या बोळ्यावर बाटली ओतली आणि ऐटीत उभा राहिलो. पहिली रांग वर! दुसरी! तिसरी! चौथी!

"वा!" साहेब डोळे मिटून म्हणाले. "मंद आहे, पण आला हं! मलाही आला!"

खुर्ची माझ्या बुडाखाली आलीच होती. तेवढ्यात मला चौथ्या रांगेत एक खाली राहिलेला हात दिसला. साहेबांनाही दिसला.

"काय गं, तुला नाही आला?"

"नाही, साहेब," चष्मेवाली उभी राहिली. "मी वीस मोजले. मग तीस मोजले. तरी नाही आला."

"सर्दी झालीय तिला," मी घाईघाईनं म्हटलं. "बस खाली!"

"मोजले म्हणजे?" साहेब.

"साहेब, सरांनीच सांगितलंय!" पहिल्या रांगेतला एक मदतीला धावला. "आम्हाला पाच, त्यांना वीस!"

साहेब उठले. टेबलापाशी आले, बोळा उचलून नाकाला लावला.

"हे पाणी आहे."

माझं खोटं त्यांनी पचवलंही असतं. पण "मलाही आला" हे ते सगळ्या वर्गासमोर बोलून बसले होते! शेऱ्यात त्यांनी लिहिलं : शिक्षकांचा विषयापेक्षा वर्गावर ताबा अधिक आहे. पर्यवेक्षक कोण झालं ते सांगायला नको. चित्रकलेच्या सरांनी साहेबांसमोर मुलांना फक्त एक आंबा काढायला लावला होता.

पोरीला सर्दी नव्हती. बघितल्याशिवाय मानायचं नाही, हे मी बावीस वर्षं ओरडून सांगतोय, आणि ज्या एकीनं ते ऐकलं तिलाच मी खाली बसवलं. लाज वाटली. पण खुर्ची गेली त्याचं जास्त वाटलं, हेही खरं.

घरी येऊन बायकोपुढे सगळं ओकलो. सोमवारच्या चोरीसकट! "पण अर्धं सेंट तर होतं बाटलीत! निव्वळ पाणी कसं झालं?"

"मी केलं," ती शांतपणे म्हणाली. "मंगळवारी उघडलं तर आत दुधासारखं पांढुरकं. तुमच्या डब्याच्या पिशवीत सेंटचा बोळा. म्हटलं, हा माणूस कुणासाठी नेतोय? उरलेलं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत काढलं आणि यात पाणी भरलं."

"अगं, आठवीच्या पोरांसाठी नेत होतो! तुला काय वाटलं, दुसरी कुणी आहे?"

"असती तर बरं झालं असतं. तुमचं नाक चालतंय, एवढं तरी कळलं असतं."

"म्हणजे?"

"तीन दिवस मनगटाला पाणी लावून विचारत होते."

वर्गातल्या पोरांनी निदान आकडे तरी मोजले होते.