बदकं, बिअर आणि आमचे जावई

आमच्या जावयाला, आस्गरला, एक वाईट खोड आहे. तो माझं सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो, "अगदी बरोबर, सासूबाई," म्हणतो, आणि मग नेमकं उलटं करतो! भांडला असता तर मी त्याला केव्हाच सरळ केला असता. पण हसतमुख माणसाशी भांडायचं म्हणजे लोण्यात खिळा ठोकायचा!

लांगेलँड बेटावर आमची सहा एकर जमीन आहे. स्ट्रॉबेरी, रासबेरी, वाटाणे, कोबी, नवे बटाटे. अकरा वर्षं या मातीत विषाचा थेंब पडलेला नाही. आमच्या खोक्यांवर सेंद्रिय मालाचा लाल शिक्का असतो. त्या शिक्क्याचा फलक मी दारात लावलाय आणि नवऱ्याच्या फोटोपेक्षा तोच जास्त वेळा पुसते. नवरा काय, सहज मिळाला होता. शिक्क्याला तीन वर्षं लागली!

शत्रू एकच. गोगलगाय. ती शंखवाली गरीब नव्हे, उघडीवाघडी, तपकिरी, अंगठ्याएवढी. इथे तिला खुनी म्हणतात आणि ते काही खोटं नाही. एका ओल्या रात्रीत कोबीची अख्खी ओळ खाऊन ढेकरही देत नाही. पलीकडचा शेतकरी निळे विषारी दाणे भिरकावतो आणि घोरत पडतो. आम्हाला ते चालत नाही.

माझा उपाय घरच्या बिअरचा. दह्याचे रिकामे डबे मातीत पुरायचे, संध्याकाळी त्यांत बिअर ओतायची. गोगलगाई येतात, पितात, बुडतात. सुखाने मरतात हो! माझ्याहून दयाळू शेतकरीण दाखवा!

पण जावईबापू कुठेसा तीन दिवसांचा वर्ग करून आले आणि येताना वीस बदकं घेऊन आले. बाटल्यांसारखी ताठ उभी राहणारी, सतत कुठेतरी उशीर झाल्यासारखी धावणारी.

"सासूबाई, आता बिअर बंद. ही बदकंच गोगलगाई खातील. शब्द द्या!"

"आई, दे ना शब्द," आमची माईब्रिट म्हणाली. नवऱ्याचीच बाजू घेणार ती!

दिला शब्द. पण वाचकहो, बदकं राबतात दिवसा. संध्याकाळचं मला कोणी स्पष्ट विचारलंच नव्हतं! मी पानांआड रोज चाळीस डबे भरायची आणि सकाळी सातला, बदकांच्या खुराड्याचं दार उघडायच्या आत, रिकामे करायची. गोगलगाई सरसर कमी झाल्या. श्रेय कोणाला? बदकांना! रोज जेवताना आस्गरचं एकच: "पाहिलंत ना, सासूबाई?" मी बटाटा तसाच गिळायची.

म्हटलं थांब. सांक्ट हान्सच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या होळीच्या सणाच्या, आदल्या दिवशी शिक्क्याची वार्षिक तपासणी होती. होळी पेटते त्या संध्याकाळी अख्ख्या बेटाला आमची स्ट्रॉबेरी लागते. ठरवलं, तपासनिसाच्या देखत मेलेल्या गोगलगाईंची बादली जावयासमोर आदळायची! बिनतोड बेत!

तपासणीच्या सकाळी सातला बादली घेऊन गेले, तर डबे चाटूनपुसून स्वच्छ. गोगलगाय नाही, बिअर नाही. बदकं पाहुण्यांसमोर कामात दिसावीत म्हणून आस्गरने पहाटे पाचलाच दार उघडलं होतं!

एक बदक स्वतःभोवती गोल फिरत होतं. एक माझ्या बुटावर लाडाने मान घासत होतं. बाकीची स्ट्रॉबेरीच्या ओळींत आडवी. एकाचे तर पाय आभाळाकडे!

आठला तपासनीस आला. प्रेबेन नाव, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, चेहरा फिक्या मेणबत्तीसारखा.

"हे काय?"

"बदकं."

"मेली आहेत?"

"झोपली आहेत."

"सगळी? सकाळी आठ वाजता?"

"जातच आळशी!"

त्याने वाकून एकाचा पाय उचलला, सोडला. पाय पडला. "बाई, खरं सांगा. निळे दाणे टाकलेत?"

आणि आमचा आस्गर, माझ्या मीठभाकरीवर वाढलेला आस्गर, ओरडला, "सासूबाई! तुम्ही दाणे टाकलेत?"

"तुझी जीभ झडो!"

"मातीचे नमुने न्यावे लागतील," प्रेबेन म्हणाला. "सहा आठवडे. तोवर शिक्का वापरायचा नाही."

सहा आठवडे! तोवर स्ट्रॉबेरीचा हंगाम संपून रोपांवर नुसती पानं उरतात! एकीकडे शिक्का, दुसरीकडे जावयासमोर माझं नाक. मी नाकाकडे एकदा शेवटचं पाहिलं.

"बिअर आहे ती!" मी गरजले. "माझी! रोज संध्याकाळी ओतते!"

"कशावरून?"

रुबार्बच्या रुंद पानाखाली एक डबा बदकांच्या नजरेतून सुटला होता. मी तो उचलला, वर तरंगणारी गोगलगाय दोन बोटांनी बाजूला केली आणि घटाघटा प्यायले. जराशी कोमट. पण चव उतरली नव्हती!

माईब्रिटने डोळे मिटले. प्रेबेन कोबीसारखा हिरवा पडला. त्याने डब्याचा तळ लांबूनच हुंगला. "बिअर आहे," तो पुटपुटला. एवढ्यात पाय वर केलेलं बदक उठलं, तीन पावलं चाललं आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर चार अख्ख्या गोगलगाई ओकलं. बिअरचा वास तर असा, की दारूच्या गुत्त्यात उभं असल्यासारखं वाटावं!

यावर आणखी पुरावा काय हवा? त्याने तिथेच सही केली. माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून शेरा माईब्रिटने वाचला, तोही उगाच मोठ्याने: "पक्ष्यांना मद्य देऊ नये." शिक्का मात्र शाबूत!

प्रेबेनची गाडी वळली. आस्गर दोन्ही काखांत एकेक घोरणारं बदक घेऊन उभा होता.

"म्हणजे सासूबाई, गोगलगाई तुम्ही मारत होतात? पण तुम्ही तर शब्द दिला होता!"

माईब्रिटही कमरेवर हात ठेवून बघत होती. दोघांनाही माझी माफी हवी होती. माफी मी आयुष्यात एकदाच मागितली होती, लग्नाच्या वर्षी, आणि ती मला मानवली नव्हती.

मी एप्रनला तोंड पुसलं आणि म्हणाले, "जावईबापू, चूक तुमचीच! घरात पिणारी मंडळी आणायची, तर आधी सासूला विचारायचं असतं!"