शुक्रवारचा पाहुणा

"आपाला तुम्ही सांगणार की मी सांगू?" रईसानं विचारलं, आणि मोहियुद्दीननं घाईघाईनं तोंडात मोठा घास कोंबला.

त्यांच्या लेकीला, उमामाला, इंग्लंडच्या एका विद्यापीठात जागा मिळाली होती. विषय होता युरोपातली सामाजिक धोरणं, आणि जोडीला स्पॅनिश भाषा. म्हणजे तिकडची सरकारं म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, लेकुरवाळ्यांना कशी सांभाळतात, ते शिकायचं. मोहियुद्दीनला त्यातलं फारसं कळलं नव्हतं, पण आनंद असा की रियाधच्या बत्हा बाजारातल्या त्याच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो आधी ही बातमी ऐकवायचा, मग पडदे दाखवायचा.

अडचण एकच होती. दाभोळची साबिराआपा, त्याची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्याला वाढवलं. तिच्या होकाराशिवाय त्यानं आजवर दुकानाचा रंगसुद्धा बदलला नव्हता. आणि 'एकटी पोर गोऱ्यांच्या मुलखात? डोकं फिरलं काय तुझं?' हे तिचं उत्तर त्याला न विचारताच ऐकू येत होतं. विद्यापीठाला महिनाअखेर कळवायचं होतं. त्याआधी स्पॅनिशची तोंडी परीक्षाही होती.

"वाचता येतं हो अब्बा," उमामा कुरकुरली. "पण बोलायला समोर कुणी नको का?"

आपाचं जमत नव्हतं, निदान हे तरी जमवू, असं बापानं मनावर घेतलं. त्याच आठवड्यात दुकानात एक उंच गोरा आला. नाव लार्स. अल खर्जच्या एका डेअरीवर रात्रपाळीला होता. दिवसा झोप लागावी म्हणून जाडजूड पडदे हवे होते.

"यू युरोप?" मोहियुद्दीननं विचारलं.

"येस."

एवढं पुरे होतं. "माय डॉटर वाँट गो युरोप. फ्रायडे यू कम माय हाऊस. सी डॉटर. टॉक. इफ गुड, अल्हम्दुलिल्ला! फिश करी ऑल्सो."

मेसच्या जेवणाला विटलेला लार्स फिश करीला लगेच हो म्हणाला.

कोपऱ्यात त्यांची शेजारीण हेमलता पडद्याचं कापड बोटांनी चाचपत उभी होती. तिनं सगळं ऐकलं. बाई समजूतदार, कुणाच्या घरच्या गोष्टीत तोंड घालायचं नाही म्हणून गप्प राहिली. फक्त आईला फोनवर सांगितलं. आईचं घर दाभोळला, साबिराआपाच्या कुंपणाला लागून.

शुक्रवारी लार्स आला. रईसानं सुरमई तळली, सांदणं केली. उमामानं धीर करून दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये म्हटली. लार्सनं भुवया उंचावल्या आणि इंग्रजीत म्हणाला, "सॉरी, मला स्पॅनिश येत नाही. मी डेन्मार्कचा."

"अब्बा! हे डेन्मार्कचे आहेत!"

"डेन्मार्क युरोपात नाही?"

"आहे."

"मग?"

उमामानं कपाळाला हात लावला. पण आलेल्या माणसाला विषयाचं तरी विचारावं म्हणून तिनं डेन्मार्कची चौकशी सुरू केली, आणि लार्स खुलला.

"काय म्हणतोय?" रईसानं विचारलं.

"मूल झालं की बापालाही सुट्टी देतात, म्हणे."

रईसानं डाव खाली ठेवला. "तू झालीस तेव्हा तुझे अब्बा दुपारी दुकान उघडायला गेले होते."

"सीझन होता," मोहियुद्दीन पुटपुटला.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर साबिराआपा, आणि तिच्या खांद्यांमागं अर्धा मोहल्ला.

"मोहू! कुठाय तो?"

"कोण आपा?"

"दाखव म्हणते ना!"

मोहियुद्दीननं फोन फिरवला. डेअरीवर शिकलेला सलाम लार्सनं अदबीनं ठोकला.

"सलाम तर नीट करतो. कामधंदा काय?"

"गुरांचा डॉक्टर आहे, आपा."

"गुरांचा डॉक्टर! अरे, आपली पोर तू गुरांच्या डॉक्टराला देतोस? आणि मला हेमलताच्या आईकडून कळतंय?"

मोहियुद्दीनच्या घशात सुरमईचा काटा अडकला. तो खोकू लागला. लार्सनं विचारलं, "त्या काय म्हणतायत?" उमामानं ठोकून दिलं, "जेवण आवडलं का, विचारतायत." लार्सनं हसून दोन्ही अंगठे वर केले.

"बघा, कबूल म्हणतोय!" मोहल्ल्यातून कुणीतरी ओरडलं.

घरातली सगळी माणसं फोनवर भेटतायत, हे पाहून लार्सलाही राहवलं नाही. त्यानं आपल्या मोबाइलवरचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. हसरी बायको आणि तीन मुलं.

दाभोळची सगळी डोकी पडद्याजवळ सरकली.

"दुसरेपणावर?" आपाचा आवाज चिरकला. "तेही तीन पोरांवर?"

उमामानं फोन हिसकावला. "फुफी, लग्न नाही गो! हे पाहुणे आहेत, जेवायला आलेत. मी इंग्लंडला शिकायला जाणार आहे. फक्त शिकायला!"

"फक्त शिकायला?"

"फक्त."

"कुणाशी निकाह नाही?"

"कुणाशीच नाही."

आपानं छातीवर हात ठेवला आणि एवढा मोठा श्वास सोडला की कॅमेऱ्याची काच धुरकटली. "या अल्ला, शुक्र आहे! मग जा की गो! शिकायला कोण नको म्हणतंय? मोहू, एवढीशी गोष्ट तुला आधी सांगता येत नाही? जीव घेतलास माझा."

मोहियुद्दीनचा काटा कधी खाली उतरला, त्याचं त्यालाच कळलं नाही. रईसा पदराआड हसत होती, आणि तिचे डोळेही भरले होते.

"ठेवतेस का आपा मग?" त्यानं हळूच विचारलं.

"थांब! तो खरंच गुरांचा डॉक्टर आहे ना? आमची म्हैस चार रोज झाले पान्हा चोरतेय. विचार त्याला."

उमामा लार्सकडे वळली. पान्हा चोरणं इंग्रजीत कसं सांगावं, हे तिला कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नव्हतं. "त्यांची म्हैस..." ती अडखळली, "दूध देत नाही. लपवते."

लार्सनं हातातलं सांदण बाजूला ठेवलं. आल्यापासून पहिल्यांदाच तो गंभीर झाला. "मला दाखवा," तो म्हणाला.

दाभोळला फोन गोठ्याकडे निघाला. मागून मोहल्ला निघाला. लार्स पडद्याला नाक लावून बसला, त्याच्या एका खांद्यावरून मोहियुद्दीन आणि दुसऱ्यावरून रईसा डोकावू लागली.

"उमामा," गोठ्याच्या दाराशी आपा कुजबुजली, "त्याला म्हणावं, एकदम मोठ्यानं बोलू नकोस. ती परक्या माणसाला लाजते."