हवा आत की बाहेर

हॉस्पिटलात संसर्ग पसरू नये हे बघणाऱ्या, इन्फेक्शनच्या सिस्टर सकाळपासून एका बंद दारासमोर कागदाची पट्टी घेऊन ओणव्या होत होत्या. पट्टी दाराखालच्या फटीशी नेली की सुळकन आत ओढली जायची. सिस्टर हुश्श करायच्या, चार पावलं जायच्या आणि परत यायच्या. न जाणो, तेवढ्यात काही बिघडलं असेल तर!

त्या खोलीत संसर्गाची शंका असलेला पेशंट ठेवत. वरचा मोठा पंखा आतली हवा सतत ओढून, गाळून गच्चीवर सोडायचा. त्यामुळे व्हरांड्यातली हवा आत जायची, पण आतली खोकल्याची हवा व्हरांड्यात यायची नाही. या पंख्यासाठी सिस्टर मोठ्या डॉक्टरांशी इतक्या भांडल्या होत्या, की त्या दिसल्या की डॉक्टर दुसऱ्या जिन्याने जात. आज तपासणीचे साहेब येणार होते. पट्टी आत गेली तर खोली पास. नाही तर खोलीला कुलूप, आणि पेशंटची रवानगी गावाबाहेरच्या हॉस्पिटलात.

आणि पेशंट होत्या सिस्टरांच्या सासूबाई.

सिस्टरांचा जन्मभराचा मंत्र एकच, खिडक्या उघडा. जुन्या वॉर्डांत पंखेबिंखे नव्हते, तिथे या मंत्राने खरंच कितीकांचं भलं केलं होतं. सगळे त्यांना खिडकीबाईच म्हणत. घरी सासूबाईंचा मंत्र नेमका उलटा. सून खिडकी उघडून वळली की मागे कडी लागलीच. एकदा तर त्यांनी स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या भोकात जुना स्वेटर कोंबला होता. ही बंद खिडक्यांची खोली मात्र त्यांना आल्या दिवसापासून पसंत पडली होती.

साहेब खाली आल्याची वर्दी आली तशी सिस्टर मास्क चढवून शेवटची नजर टाकायला आत शिरल्या. खोलीत बामाचा वास कोंदला होता.

"आई, मास्क खाली घ्यायचा नाही. आणि बोलायचंही नाही. बोललात की खोकला येतो."

"अगं पण..."

"एक शब्दही नाही!"

सिस्टरांनी चादर ताणली, उशी थोपटली, पलीकडे जाऊन खिडकीचा पडदा नीट केला, बाटली उचलली, परत तिथेच ठेवली आणि दार लावून बाहेर पळाल्या.

साहेबांनी स्वतः पट्टी फटीशी धरली. पट्टी जरा थबकली आणि फडफडत बाहेर आली.

"सिस्टर, ही तर बाहेर येतेय."

"छे! सकाळपासून आत जात होती हो!"

व्हरांड्यातली मंडळी एकेक पाऊल मागे सरकली. मोठे डॉक्टर तर भिंतीलाच टेकले. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "पंखा झकास चालू आहे. वेग वाढवू का?" वेग वाढवला. पंखा विमानासारखा घोंघावू लागला, पण पट्टी बाहेरच.

सिस्टरांच्या डोक्यात एकदम स्वेटर आला. त्या तरातरा आत गेल्या, स्टुलावर चढल्या, पंख्याची जाळी चाचपली. जाळी मोकळी.

"आई, काय कोंबलंत? कुठे कोंबलंत?"

सासूबाईंनी हाताने पडद्याकडे खूण केली. सिस्टरांनी उशीखाली पाहिलं, गादीखाली पाहिलं, शाल झटकली. सासूबाईंनी पुन्हा खूण केली.

"हातवारे नकोत, आई! पडून राहा!"

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढी भांडून मिळवलेली खोली, आणि आपल्याच माणसाला तिथून हलवायचं! साहेबांनी पेन काढलं. तेवढ्यात दाराच्या काचेवर टकटक झाली.

"आजींना काहीतरी सांगायचंय वाटतं," साहेब म्हणाले.

आतून मास्कमधला आवाज आला, "मला बोलायची बंदी आहे."

"बोला, बोला आजी. मी परवानगी देतो."

"पडद्यामागे खिडकी उघडी आहे. बाहेरचा वारा भसाभस आत येतोय, तो दारातूनच जाणार ना! हिनेच उघडली. घरीही आल्या आल्या हेच करते."

सिस्टरांच्या हातातला मास्कचा डबा खाली पडला. "मी मुद्दाम नाही उघडली," त्या पुटपुटल्या, "हात गेला."

"जित्याची खोड!" आतून आवाज आला, आणि खाडकन खिडकी लागली. साहेबांनी पट्टी धरली. ती सुळकन आत गेली.

खोली पास झाली. "खिडकीला कुलूप लावा," साहेब जाताना म्हणाले, "आणि किल्ली सिस्टरांकडे देऊ नका." वॉर्डातल्या मावशी पदरात तोंड लपवून हसल्या.

तपासण्यांत सासूबाईंचा खोकला साधाच निघाला. त्या घरी यायच्या दिवशी वरमलेल्या सिस्टरांनी आपल्या हाताने घरातली एकूण एक खिडकी लावून घेतली. सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"अगबाई, किती कोंदट! खिडक्या का लावल्यास?"

"तुम्हाला बंदच लागतात ना, आई?"

"अगं, तिथे पंखा हवा ओढत होता. इथे कोण ओढतंय, तुझा नवरा? इन्फेक्शनची सिस्टर म्हणे! उघड आधी."

ज्या वाक्यासाठी सिस्टरांनी इतकी वर्षं डोकं फोडलं, ते आज आयतं पदरात पडलं होतं. त्यांनी आनंदाने खिडकी सताड उघडली आणि चहा टाकायला वळल्या.

मागे खट्कन कडी लागली.

सिस्टरांनी वळून पाहिलं. सासूबाई खिडकीपाशी उभ्या होत्या आणि आपल्याच हाताकडे बघत होत्या.

"मी मुद्दाम नाही लावली," त्या म्हणाल्या, "हात गेला."