हवा झाडणारी मॉरीन

आमची शेजारीण मॉरीन झाडू जमिनीला लावायचीच नाही. काटक्यांचा, लांब दांड्याचा झाडू घेऊन परसात यायची आणि जमिनीच्या वीतभर वरून हवा झाडत गोल फिरायची. खाली पानांचा खच तसाच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खिडकीतून ओरडले, "अगं, खाली टेकव की जरा!"

"कचरा नाही झाडत मी, माय लवर. जागा झाडतेय."

ब्रिस्टलमध्ये पोस्टमनलाही 'माय लवर' म्हणतात. तरी तिने आमच्या ह्यांना पहिल्यांदा तसं म्हटलं तेव्हा ह्यांच्या हातातली किल्ली खाली पडली. ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हा हे होते.

मॉरीन विच होती, म्हणजे चेटकीण. मी बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंगला आहे असं जितक्या सरळ सांगायचे, तितक्याच सरळ ती हे सांगायची. दिवसा पिवळा कोट घालून, हातात गोल पाटी धरून ती शाळेपुढे मुलांना रस्ता ओलांडून द्यायची. भलेभले लॉरीवाले तिला टरकून असायचे. पौर्णिमेला आणखी दोघीजणी यायच्या, गमबूट घालून. झाडलेल्या जागेत रिंगण आखायचं, मेणबत्त्या लावायच्या आणि देवीला हाका मारायच्या. पाऊस असला तरी.

एकदा त्यांचं हे चाललेलं असताना माझी चादर उडून तिकडे पडली. मधलं कुंपण वाऱ्याने कधीच आडवं झालेलं. मी सरळ आणायला निघाले.

"थांब!" मॉरीनने लॉरी थांबवायला करायची तसा हात केला आणि काळ्या मुठीचा सुरा उचलला. तिने सुऱ्याने हवेत एक दार कापलं, खालून वर, आडवं, परत खाली. मग अदबीने म्हणाली, "ये आता."

मी चादर घेऊन बाहेर आले. तिने दार बंद केलं. तेवढ्यात माझी तीन वर्षांची नात चेंडूमागे रिंगणातून आरपार पळाली. मॉरीनने सुऱ्याला हातही लावला नाही.

"तिला बरी सोडलीस?"

"मांजरं आणि लहान मुलं कशीही येतात-जातात. त्यांना दार लागत नाही."

पुढे मी तिला विचारलं, पूजा सांगतं कोण? म्हणाली, "मीच." भट नाही, कुणाची परवानगी नाही. मी आवाज खाली करून विचारलं, "आणि त्या चार दिवसांत?"

"तेव्हा तर देवी जास्त जवळ असते."

माझी अर्धी उमर ते दिवस आले की देवघराबाहेर बसण्यात गेलेली. मी आणखी हळू आवाजात विचारलं, "आणि ते थांबले म्हणजे?"

"मग तू म्हातारी देवी. सगळ्यात मानाची."

घरी येऊन मी हे सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "चहा ठेवू का, आई?"

हे गेले, त्याच्या पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मॉरीन माझ्या दारात आली. त्या संध्याकाळी वारलेली माणसं तिच्याकडे जेवायला येतात. त्यांची पानं मांडायची आणि त्यांच्याबरोबर मुकाट्याने जेवायचं. पण दोघींपैकी एक वेल्सला लेकाकडे गेलेली, आणि दुसरी "परत चर्चला जायला लागली." हे तिने शिवी दिल्यासारखं सांगितलं.

"एकटीने हे करता येत नाही," ती म्हणाली. "मी एकही वर्ष चुकवलेलं नाही. ह्या वर्षी पान मांडलं नाही तर..." लॉरी अडवणारी बाई माझ्या उंबऱ्यात कोटाचं बटण पिळत उभी होती.

"मी भूतबित मानत नाही."

"नको मानूस. नुसती बस. आणि जेवण होईपर्यंत बोलू नकोस."

"त्यापेक्षा भूत मानणं सोपं, मॉरीन."

पाचलाच अंधारलं होतं. परसात टेबल, दोन खुर्च्या आमच्या, दोन रिकाम्या. मी ह्यांच्यासाठी भाकरी आणि ठेचा नेला होता. हे चांगले उंच होते, ते मॉरीनच्या लक्षात होतं. चवड्यांवर उभी राहून तिने दार पार वरपर्यंत कापलं, ह्यांना वाकावं लागू नये म्हणून. माझा कशावर विश्वास नाही, पण मी पदर नीट केला.

मग तिने सुरा खाली ठेवला. दुसऱ्या रिकाम्या खुर्चीपुढे एक लहान ताटली होती. तिच्यात उकडलेलं अंडं आणि बोटाएवढे कापलेले टोस्ट. मी सुऱ्याकडे बोट दाखवलं, मग त्या खुर्चीकडे. ह्या पाहुण्याला दार नको का?

तिने 'नको' म्हणून मान हलवली. मग हात खाली नेला आणि गवतावर गुडघ्याएवढ्या उंचीवर धरला.

इतक्या वर्षांच्या शेजारात ती याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मलाही बोलायची मुभा नव्हती. अंडं अजून गरम होतं. एवढ्याशा पोराला ते फोडता येत नाही, म्हणून मी चमच्याने त्याची टोपी उडवली, फुंकर घातली आणि ताटली खुर्चीच्या आणखी जवळ सरकवली.