लाल तिकिटावरची तारीख

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माणूस नवीन काही शिकू शकत नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला सरळ माझ्याकडे पाठवा! फोटो दुरुस्त करायचं ते सॉफ्टवेअर मी अकरा दिवसांत शिकलो. तेही वहीत टिपणं काढून, समासात तांबड्या शाईने 'महत्त्वाचे' असं लिहून. माझी नात भिंगरी, वय वर्षं अकरा, ही माझी शिक्षिका. शिकवताना ती माझ्यावर एकदाही ओरडली नाही. फक्त मधूनमधून उठून पाणी प्यायला जायची. एका तासात सहा वेळा.

मला या वयात हे कशाला हवं, असं तुम्ही विचाराल. मी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आता दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांना टपाल तिकिटं जमवायला शिकवतो. सात मुलं, दोन भिंगं आणि एक कुरकुरणारं टेबल असा आमचा वर्ग आहे. तिकिटावर पोस्टाचा शिक्का असतो, त्यात गाव असतं, तारीख असते. पण काळा शिक्का गडद तिकिटावर पडला की काही म्हणता काही वाचता येत नाही. मुलं डोळे बारीक करून बसतात, जणू सगळ्यांना एकदम चष्मा लागलाय.

यावर युक्ती अशी. चॉकलेटचा लाल पारदर्शक कागद डोळ्यांपुढे धरा आणि लाल पेन्सिलीने लिहिलेलं वाचून बघा. अक्षरं गायब! काळी अक्षरं मात्र जशीच्या तशी. सॉफ्टवेअरमध्ये हाच कागद आतून मिळतो, त्याला लाल चॅनल म्हणतात. तिकीट स्कॅन करा, फक्त लाल चॅनल दाखव म्हणा, की लाल तिकीट धुक्यासारखं विरतं आणि काळा शिक्का एकटा उरतो. मुलांना हे समजावलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा रविवार येईपर्यंत सातही जणांनी भरपूर चॉकलेटं खाल्ली, तेही अभ्यासासाठी!

सुरुवातीला एक किरकोळ घोळ झाला, तो लपवत नाही. मी चार देशांची बारा तिकिटं स्कॅन केली आणि शिक्के वेगळे काढले. बघतो तर काय, बाराही तिकिटांवर एकाच मोठ्या गोल शिक्क्याचा तुकडा! चार देशांत एकच शिक्का? माझ्या अंगावर काटा आला. मी ग्रंथपालांना फोन केला. "जगात कोणाला माहीत नसलेला शिक्का मला सापडलाय, सूचनाफलकावर लावा!" त्यांनी लावलं. ठळक अक्षरांत.

दुपारी बायको खोलीत आली. पडद्याकडे बघितलं, स्कॅनरकडे बघितलं, पदराने त्याची काच पुसली.

"अहो, चहाचा कप यावर ठेवत जाऊ नका. बघा, गोल डाग पडलाय."

भिंगरी पाणी प्यायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. स्वयंपाकघरातून नुसता हसण्याचा आवाज येत होता.

"चहाचा डाग ओळखता येत नाही, आणि म्हणे शिक्के वाचणार!" बायको म्हणाली.

हे मात्र मला लागलं. मी खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, "तुझा तो लिफाफा आण. येत्या रविवारी वर्गात, सगळ्यांसमोर, भिंतीवर मोठा करून दाखवतो. चव्वेचाळीस वर्षांचा वाद एकदाचा मिटवूनच टाकू!"

हा वाद काय, तेही सांगतो. लग्नाआधी आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवत होतो. मग माझी बदली झाली. तिला लांबच्या शाळेत तीन वर्षांची चांगली नोकरी चालून आली. तिने मला पत्र लिहून विचारलं, 'जाऊ की थांबू?' मी चार पानी उत्तर लिहिलं, त्याचा सारांश 'थांब' एवढाच. पत्रावर चार तारीख आहे, माझ्याच अक्षरात. त्याच संध्याकाळी ते टाकायला मी निघालो. आणि तिला पत्र मिळालं अठ्ठावीस तारखेला! तोवर तिची ट्रंक भरून झाली होती, गाडीचं तिकीटही काढून झालं होतं. थांब म्हणणाऱ्या पत्रासाठी बिचारी चोवीस दिवस थांबली.

तिचं म्हणणं, "तुम्ही विचार करत बसला होतात. मनात नव्हतं तुमच्या." माझं म्हणणं, "मी लगेच टाकलं, पोस्टाने उशीर केला." या भांडणात तिसरा पक्षही आहे. तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझे मेहुणे, आयुष्यभर पोस्टात होते. आमच्याकडे जेवायला आले की मी विचारायचो, "काय मेहुणे, इकडे यायला चोवीस दिवस लागले का?" हा विनोद मी चव्वेचाळीस वर्षं केला. ते एकदाही हसले नाहीत.

त्या लिफाफ्यावर गडद लाल तिकीट आणि त्यावर काळा शिक्का होता. आजवर तो कोणालाच वाचता आला नव्हता. आता वाचणार होता हा पठ्ठ्या!

रविवारी वाचनालयाची खोली भरली. सात मुलं पुढे सतरंजीवर. बायको पहिल्या खुर्चीत, भिंगरीने नुकताच स्कॅन केलेला तो निळसर लिफाफा मांडीवर घेऊन. मेहुणे इस्त्रीचा शर्ट घालून, निकाल ऐकायला आल्यासारखे ताठ बसलेले. ग्रंथपाल दारात उभे. चहाच्या प्रकरणानंतर ते माझ्या कार्यक्रमाला बसायला तयार नव्हते, पटकन निघता यावं म्हणून.

"मुलांनो, आपल्या वर्गाचा नियम काय?" मी विचारलं.

"पुरावा जे सांगेल तेच लिहायचं! आपल्याला हवं ते नाही!" सातही जण ओरडले.

"शाब्बास! भिंगरी, लाल चॅनल!"

भिंगरीने माऊस दाबला. भिंतीवरचं तिकीट फिकट झालं, आणखी फिकट झालं आणि विरून गेलं. उरला फक्त शिक्का, काळा, गोल, जेवणाच्या ताटाएवढा! टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला. वाकलेला असतानाच मागून भिंगरीचा आवाज आला.

"आजोबा, सव्वीस आहे."

"काय सव्वीस?"

"तारीख. दोन आणि सहा."

मी वळलो, चष्मा सावरला. "छे! तो सहा आहे. दोन म्हणजे धूळ आहे नुसती."

"धुळीला मान असते का, आजोबा?"

"मास्तर," मेहुणे हळूच उठले, "त्या पोस्टात मी नंतर नोकरी केलीय, तिथला शिक्का मला पाठ आहे. सहा तारखेला तिथे शून्य-सहा मारायचे."

"मग शून्यच असेल ते!"

"शून्याला खाली शेपूट नसतं," पुढच्या रांगेतली दात पडलेली मुलगी म्हणाली. ही गोष्ट तिला मीच शिकवली होती.

"पुरावा जे सांगेल तेच लिहायचं!" बाकीच्यांनी सूर लावला.

मी घाम पुसला. पण हार मानेन तर शिक्षक कसला? "बरं, सव्वीस! म्हणजे माझं पत्र बावीस दिवस टपालपेटीतच पडून होतं. पेटी उघडलीच नसेल कोणी! बघा, म्हणजे चूक पोस्टाचीच!"

मेहुण्यांचा चेहरा त्या तिकिटापेक्षा लाल झाला. "मास्तर! ती पेटी दिवसातून दोनदा उघडायचे! एकदा तर आत चिमणीने घर केलं होतं, तेसुद्धा दुपारच्या आत सापडलं!"

"दादा, बस तू," बायको म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता. मला तो आवडला नाही.

एवढ्यात भिंगरी म्हणाली, "आजोबा, इथे आणखी काहीतरी आहे." ती पडद्यावरची उजेड कमी-जास्त करायची पट्टी सरकवत होती. पट्टी सरकली तसा लिफाफ्याचा कागद गडद होत गेला आणि विरलेल्या तिकिटाच्या बाहेर एक फिकट चौकट उमटली. आडवी आणि लांबट, कडेला बारीक बारीक दाते.

"डिंकाचा डाग!" मुलं गुडघ्यांवर उठली. "इथे आधी दुसरं तिकीट होतं! मोठं होतं!"

"अगं, चहा सांडला असेल," मी म्हणालो. दारातले ग्रंथपाल खोकले.

"चहा चौकोनी सांडत नाही," भिंगरी म्हणाली. "आणि हे बघा, खालच्या कोपऱ्यातला एक दाता नाही."

मग दात पडलेली मुलगी म्हणाली, "दीपस्तंभ!"

दीपस्तंभाचं तिकीट म्हणजे माझ्या अल्बमचा मुकुटमणी. छपाईत चूक झाली आणि दीपस्तंभाचा प्रकाशझोत छापायचाच राहिला. अंधारातला दीपस्तंभ! दर वर्षी नव्या मुलांना मी ते दाखवतो आणि सांगतो, 'बघा, कोपऱ्यातला एक दाता तुटलाय, तेवढा सोडला तर निर्दोष.' अल्बम टेबलावरच होता. मी हात पुढे करेपर्यंत मुलांनी तो उघडला, चिमट्याने तिकीट उचललं आणि उलटं केलं.

मागे निळसर कागदाचा पापुद्रा चिकटला होता.

बायकोने मांडीवरचा लिफाफा वर धरला. त्याच रंगाचा.

आणि मग, वाचकहो, मला सगळं आठवलं! चार तारखेची संध्याकाळ. टपालपेटीच्या फटीत पत्र अर्धं गेलेलं. तेवढ्यात माझं तिकिटाकडे लक्ष गेलं. प्रकाशझोत नाही! मी पत्र मागे ओढलं, धावत घरी आलो, किटलीच्या वाफेवर धरून तिकीट सोडवलं. लिफाफा ओला झाला म्हणून सुकायला ॲटलासमध्ये ठेवला. दक्षिण अमेरिकेच्या पानात. त्या दिवसांत शाळेत परीक्षा होत्या, ॲटलास उघडायचं कारणच नव्हतं. दक्षिण अमेरिका शिकवायची वेळ आली सव्वीस तारखेला.

"पण सापडल्यावर मी लगेच टाकलं!" मी म्हणालो. "लाल तिकीट लावून, मधल्या सुट्टीत, पळत जाऊन! लगेच म्हणजे अगदी लगेच!"

"म्हणजे मी ट्रंक भरत होते," बायको एकेक शब्द तोलून म्हणाली, "दादाला रोज विचारत होते, पत्र आलं का, पत्र आलं का. आणि तुम्ही माझं आयुष्य दक्षिण अमेरिकेत ठेवून विसरलात. एका तिकिटासाठी."

"छपाईची चूक होती त्यात..."

"चूक होतीच!"

मुलं माझ्याकडे बघत होती. माझं आयुष्य मुलांना खरं बोला असं सांगण्यात गेलं. मी मेहुण्यांकडे वळलो आणि सगळ्यांसमोर पोस्टखात्याची माफी मागितली. मेहुणे डोळे टिपत म्हणाले, "मास्तर, चव्वेचाळीस वर्षं मी तुमच्याकडे नीट जेवलो नाही हो!" मग ते हसले. पहिल्यांदाच! असे हसले की ते कुरकुरणारं टेबल त्यांच्या हाताखाली हललं.

बायको थोड्या वेळाने हसली. खरं सांगायचं तर ती आधी माझ्याकडे बघून, मग भिंतीवरच्या त्या सव्वीसकडे बघून हसली. "मनात होतं तर तुमच्या," ती पुटपुटली. मला वाटलं, सुटलो.

"आता तेच उत्तर पुन्हा लिहा," ती म्हणाली. "आणि त्यावर हे तिकीट लावा."

"हे? अगं, हे निर्दोष आहे! याच्यावर शिक्का पडेल!"

"पडू दे."

चार पानं लिहून काढली. लिफाफ्यावर दीपस्तंभ चिकटवला. शेजारी आजच्या दराचं तिकीट लावलं आणि पत्र मेहुण्यांनी स्वतः नेऊन टाकलं. दोन दिवसांत घरपोच आलं, मी आधीच सांगतो, टोमणा नको! शिक्का दीपस्तंभाच्या बरोबर मधोमध बसला होता, काळाकुट्ट, ठसठशीत. तारीख लांबूनही वाचता येते, सॉफ्टवेअरची गरजच नाही. मुलं विचारतात, "आजोबा, शिक्का पुसून नुसतं तिकीट ठेवता येतं का?" पडद्यावर येतं, बाळांनो.

मी बायकोला म्हटलं, "उघड ना पत्र, वाच."

तिने ते बंदच कपाटापाशी नेलं, माझा जुना ॲटलास काढला, दक्षिण अमेरिकेचं पान उघडलं आणि पत्र आत ठेवून मिटलं.

"बावीस दिवसांनी वाचते," म्हणाली.

आज एकोणिसावा दिवस आहे. मी रोज सकाळी विचारतो. भिंगरी पाणी प्यायला जाते.